दाविदाच्या स्तोत्रांना मराठी चाल

झाशीपासून सुमारे पन्नास मैलांवर काशीपुरा नावाचे एक खेडे आहे. १८२५ साली तिथे एका कोकणस्थ ब्राह्मण घरात नीळकंठ गोऱ्हे यांचा जन्म झाला. कोकणातले घराणे बुंदेलखंडात कसे पोहोचले, हे मराठी वाचकाला फार सांगावे लागत नाही. छत्रसालाने बाजीरावाला मुलूख दिला, झाशीला मराठी सुभेदार बसले, बांद्याला मस्तानीच्या वंशजांची नबाबी चालली आणि त्यांच्यामागोमाग कारकून, शास्त्री, भिक्षुक उत्तरेला गेले. गोऱ्ह्यांचे आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी होते. पुढे कुटुंब काशीला स्थायिक झाले आणि मुलगा न्याय, व्याकरण शिकून तरुणपणीच शास्त्री म्हणून ओळखला जाऊ लागला.

जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ नावाचा ख्रिस्ती मताचा ग्रंथ लिहिला होता. त्याचे खंडन करायला विशीतल्या नीळकंठशास्त्र्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. खंडन करता करता ते ज्या मताशी भांडत होते त्याच्यात खोल शिरले. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव स्वीकारले. घरच्यांच्या दृष्टीने तो मृत्यूच होता. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, पण १८५३ मध्ये मुलगी झाली आणि थोड्याच काळात त्या वारल्या.

मराठी मंडळीच्या गायनाचा इतिहास गोऱ्ह्यांपासून सुरू होत नाही, ते गीतकारही नव्हते. तरीही मी सुरुवात त्यांच्यापासून करतो, कारण या कथेतली सगळी वळणे त्यांच्या आयुष्याला कुठे ना कुठे स्पर्श करून जातात. संस्कृत स्तोत्रांवर कान तयार झालेला हा माणूस चर्चमध्ये गेला तेव्हा तिथेही त्याला स्तोत्रेच भेटली. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाप्रमाणे बायबलमधली सगळी दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उपासनेत वाटून म्हटली जातात. महिना संपला की पुन्हा पहिल्यापासून. पारायणाची सवय असलेल्या माणसाला यातले काहीही परके वाटण्याचे कारण नव्हते. परकी होती ती चाल.

ही दीडशे स्तोत्रे म्हणजे मराठी बायबलमधली ‘स्तोत्रसंहिता’. परंपरेने ती दावीद राजाच्या नावावर असली तरी सगळी एका हातची नाहीत, एका काळातलीही नाहीत. मुळात ती गाण्यासाठीच रचलेली. अनेकांच्या माथ्यावर गायकप्रमुखासाठी सूचना आहेत, कुठे तंतुवाद्यांवर गा असे सांगितले आहे, आणि शेवटच्या स्तोत्रात तर शिंगापासून झांजांपर्यंत वाद्यांची यादीच येते. हिब्रू कवितेत यमकाला महत्त्व नाही. एक चरण काही सांगतो आणि पुढचा चरण तेच दुसऱ्या शब्दांत उचलून धरतो. १३६ व्या स्तोत्रात सव्वीस वचने आहेत आणि प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच. एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी ध्रुपद धरायचे, याहून वेगळे काय असणार? १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे यात्रेची. यरुशलेमच्या सणांना डोंगर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची ती गाणी मानली जातात. आणि दीडशेंपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. त्यात भक्त देवाला जाब विचारतो, त्याच्यावर रुसतो, तू झोपलास का असे विचारायलाही कचरत नाही. ज्या भाषेने विठ्ठलाशी हक्काने भांडणारे संत पाहिले त्या भाषेला हा सूर ओळखीचा आहे. माझे म्हणणे एवढेच, की दाविदाच्या स्तोत्रांना मराठीत घर मिळायला इतका वेळ लागायला नको होता. तो का लागला आणि मग कसे काय जमले, ते पाहण्यासारखे आहे.

मराठीत ख्रिस्ती काव्य सभेपुढे गायले जाण्याचा पहिला मोठा प्रयोग मिशनरी शाळांच्या कितीतरी आधी झाला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे पुराण गोव्याच्या चर्चमधून लोकांपुढे वाचले, गायले जाई. चाल ओवीची, श्रोते गावचे. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि ती वाट आक्रसत गेली. गायनात लोकांची भाषा असावी हा विचार इथे नवा नव्हता, तो मध्येच तुटला होता.

युरोपात त्याआधीच एक मोठी उलथापालथ झाली होती. मध्ययुगात स्तोत्रे लॅटिनमध्ये होती आणि मुख्यतः मठवासी व प्रशिक्षित गायकच ती गात. धर्मसुधारणेने ती सामान्य माणसाच्या तोंडी दिली. जिनिव्हात काल्विनच्या प्रेरणेने सगळी दीडशे स्तोत्रे फ्रेंच छंदांत बांधली गेली आणि १५६२ मध्ये पूर्ण संग्रह निघाला. स्कॉटलंडने १६५० मध्ये आपली छंदोबद्ध स्तोत्रे मंजूर केली. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत छापलेले पहिले पुस्तक कोणते, तर १६४० चा स्तोत्रसंग्रह. स्कॉटिश मंडळीत वाद्य नसे. एक जण उभा राहून ओळ सांगे आणि सगळे ती ओढून म्हणत, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही स्तोत्र पाठ होई. देवाने दिलेली गाणी असताना माणसाने रचलेली गाणी उपासनेत का गावीत, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. याउलट इंग्लंडमध्ये आयझॅक वॉट्सने १७१९ मध्ये स्तोत्रांना मोकळे, ख्रिस्ती अर्थाचे रूप दिले आणि तिथून स्वतंत्र भक्तिगीतांचा पूर वाहू लागला.

हे सगळे वाद, सगळ्या सवयी घेऊन मिशनरी महाराष्ट्रात उतरले. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला आले. ते वॉट्सच्या परंपरेतले, भक्तिगीतांना मोकळे. १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी कोकणात आले, १८२९ मध्ये जॉन विल्सन मुंबईला पोहोचले. ते काटेकोर स्तोत्रपंथी. अँग्लिकनांकडे तिसरीच पद्धत होती. स्तोत्राचे गद्य तसेच ठेवायचे, वचनाचा बराचसा भाग एका स्वरावर म्हणायचा आणि शेवटी स्वर थोडा वळवून विराम घ्यायचा.

या तिन्ही पद्धतींची मराठीत अडचण झाली, आणि ती केवळ आवडीनिवडीची नव्हती. इंग्रजी छंद आघातावर चालतो. आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या ओळीत एक अक्षर हलके, पुढचे जोरकस, अशी पावले पडतात. मराठीला असा आघात नाही. तिला ऱ्हस्व-दीर्घ आहे, मात्रा आहेत, अभंगाची सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरांची बांधणी आहे. स्कॉटिश चालीत मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व अक्षरावर लांब स्वर येई, दीर्घ अक्षर घाईत गिळले जाई आणि शब्द मधोमध तुटे. शिवाय त्या चाली चार आवाजांच्या स्वरमेळासाठी रचलेल्या. तो मेळ नसला की उरते ती उघडी, कोरडी स्वरपट्टी. आमच्या गाण्याचा जीव एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना घेतलेल्या वळणात असतो, आणि नेमके तेच तिथे वर्ज्य होते.

इथे थोडे पंजाबकडे जायला हवे, कारण जे महाराष्ट्रात अर्धे राहिले ते तिथे पूर्ण झाले. सियालकोटला १८५५ मध्ये अमेरिकेतल्या, पुढे युनायटेड प्रेस्बिटेरियन म्हणून ओळखल्या गेलेल्या चर्चचे मिशन सुरू झाले. हे चर्च स्कॉटिश वळणाचे. उपासनेत दाविदाच्या स्तोत्रांशिवाय काहीही गायचे नाही हा त्यांचा नियम १९२५ पर्यंत टिकला. सुरुवातीला त्यांनी उर्दूत स्तोत्रे करून ती पाश्चात्त्य चालींवर गायला लावली. लोकांना ना ती उर्दू आपली वाटली, ना ती चाल. १८७३ मध्ये दित्त नावाच्या एका गरीब ग्रामस्थाने बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर गावेच्या गावे मंडळीत येऊ लागली. हे लोक गावकुसाबाहेरचे, बहुतेक निरक्षर, घरात पंजाबी बोलणारे. नियमाप्रमाणे स्तोत्रेच गायची होती, मग ती पंजाबीत आणि पंजाबी चालींवर करण्याशिवाय मार्ग उरला नाही.

हे काम इमामुद्दीन शाहबाज यांनी केले. ते कवी होते आणि सियालकोटचे पाळक. त्यांनी एकेक स्तोत्र पंजाबी छंदात उतरवले. गावच्या गळ्यावर असलेल्या चाली जमवल्या गेल्या, संगीत जाणणाऱ्या हिंदू कलावंताची मदत घेतली गेली आणि त्या चालींची नोंद झाली. मोठ्या स्तोत्रांचे तुकडे केले, त्यामुळे दीडशे स्तोत्रांची चारशेहून अधिक गीते झाली. या कामात शाहबाज यांची दृष्टी गेली, तरी ते थांबले नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संपूर्ण संग्रह हाती आला. १९०४ पासून भरू लागलेल्या सियालकोटच्या मेळाव्यांतून ही गीते हजारोंच्या तोंडी गेली. पंजाबीत त्यांना जबूर म्हणतात, आणि आज पाकिस्तानात, भारतीय पंजाबात आणि परदेशांतल्या पंजाबी ख्रिस्ती घरांतही ती पाठ असतात.

स्कॉटिश मंडळींचे महाराष्ट्रात असे का झाले नाही? मला वाटते, याचे कारण काळात आहे. पंजाबात नियम कडक राहिला आणि लोकांचा लोंढा आला तेव्हाही तो कडकच होता. इकडे स्कॉटलंडमध्येच १८७० च्या सुमारास नियम सैल झाला. १८७० मध्ये तिथल्या मुख्य चर्चने आणि त्यानंतर थोड्याच काळात विल्सन ज्या फ्री चर्चमध्ये गेले होते त्यानेही भक्तिगीतांना परवानगी दिली. स्तोत्रांना मराठी चाल शोधण्याची निकड निर्माण होण्याआधीच दुसरे दार उघडले. बंधन राहिले तिथे पूर्ण स्तोत्रसंहिता जन्मली. इकडे बंधन सुटले आणि त्या मोकळिकीतून वेगळे धन आले.

ते धन अहमदनगरचे. अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले, १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ निघू लागले, आणि जिल्ह्यातल्या महार, मांग समाजांतून गावोगाव लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. या माणसांचे गाणे त्यांच्याबरोबर आले. एकतारी, टाळ, डफ, रात्ररात्र चालणारे भजन, गोंधळ, तमाशातल्या चाली, हे सगळे कानात असलेला माणूस रविवारी देवळात बसून इंग्रजी चालीचे गीत म्हणत असे आणि घरी गेल्यावर वेगळेच गुणगुणत असे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या देशी ख्रिस्ती कवींना हे दिसत होते. त्यांनी पदे, भजने रचली, आणि कीर्तनाचा थाट बायबलच्या कथांसाठी वापरला. पुढे वीणा, टाळ, मृदंग घेऊन, साकी-दिंडी म्हणत ख्रिस्ती कीर्तनकार गावच्या चावडीवर उभा राहू लागला. सगळ्यांना हे पसंत नव्हते. मिशनऱ्यांपैकी काहींना त्यात हिंदू देवळाचा वास येई, आणि काही नव्या ख्रिस्ती लोकांनाही, कारण ज्या जगाने त्यांना बाहेर ठेवले होते त्याच जगाची ती वाद्ये होती. हा दुसरा आक्षेप मला हलका वाटत नाही. टाळ हातात घेण्याचा हक्क सगळ्यांचा असला तरी त्या टाळांच्या आसपास सगळ्यांना सारखी जागा नव्हती.

एका वाद्याने यात मोठी सोय केली. पायाने भाता मारायची परदेशी पेटी जमिनीवर बसून गाणाऱ्या मंडळीच्या उपयोगाची नव्हती. १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी बनवली. ती संगीत नाटकात गेली, तमाशात गेली, आणि खेड्यातल्या मंडळीतही पोहोचली.

१८९५ हे साल या इतिहासात दोनदा येते. फेब्रुवारीत मुंबईला नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात मुंबईतच नेहेम्या गोऱ्हे वारले. दोघेही कोकणस्थ, दोघेही संस्कृतात मुरलेले. पण गोऱ्हे तर्काच्या वाटेने गेले, टिळक कवितेच्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले टिळक ख्रिस्ती होण्याआधीच कवी म्हणून नाव मिळवून होते. नगरला आल्यावर त्यांनी मंडळीतले गायन ऐकले आणि भाषांतरित गीतांची ती अडखळती चाल त्यांना सोसेना. मराठी मंडळीने मराठीतच, मराठी माणसासारखेच गावे, असा त्यांचा ध्यास होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत नगरची अनाथालये मुलांनी भरली होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला टिळकांच्या घरातली माणसांची ती वर्दळ ठाऊक आहे. टिळकांची गीते अशा माणसांमध्ये रचली गेली; मुलांसाठी, बायकांसाठी, शेतावर जाणाऱ्यांसाठी.

टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी संतकवींकडे पुन्हा वळून पाहिले, आणि त्यांच्या अभंगांत जो आवाज उमटला तो ऐकताना मला दाविदाची स्तोत्रेच आठवतात. त्यांनी दीडशे स्तोत्रांची क्रमवार मराठी गाथा केली नाही. केले ते याहून अवघड होते. स्तोत्राचा गाभा, म्हणजे एकट्या माणसाने देवाला ‘तू’ म्हणून हाक मारणे, विनवणे, चिडणे, पुन्हा त्याच्याच पायांशी येणे, हे त्यांनी मराठी भजनाच्या देहात आणले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते, १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करण्याच्या खटपटीला लागले आणि १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत वारले. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहाचा कणा झाली आणि आजही रविवारी ती पेटीवर उचलली जातात.

याच काळात पुण्यात स्तोत्रांचा दुसरा एक धागा विणला जात होता, आणि तिथे पुन्हा गोऱ्हे भेटतात. इंग्लंडमध्ये १८३३ पासून ऑक्सफर्डच्या चळवळीने मठजीवन आणि स्तोत्रांचे प्राचीन एकसुरी गायन, ज्याला प्लेनसाँग म्हणतात, पुन्हा जिवंत केले. १८६६ मध्ये रिचर्ड बेन्सन यांनी काउली इथे एक संन्यासी संघ स्थापन केला. दिवसाच्या ठरलेल्या वेळांना स्तोत्रे म्हणणे हा त्या संघाचा प्राण होता. बेन्सन यांनी पुढे स्तोत्रसंहितेवर दोन खंडांचे भाष्यही लिहिले. गोऱ्हे १८७६ मध्ये या संघात उमेदवार म्हणून आले. शेवटपर्यंत ते उमेदवारच राहिले, पण राहणी मात्र संन्याशाचीच. संघाचे पुण्यातले काम पंचहौदला होते. १८९० मध्ये रानडे, लोकमान्य टिळक आणि इतरांनी घेतलेल्या चहामुळे जे पंचहौद मिशन मराठी इतिहासात गाजले, तेच हे. वाँटिजच्या भगिनीसंघाच्या बायका १८७७ मध्ये तिथे आल्या आणि १८८५ मध्ये पवित्र नामाचे मोठे देवालय उभे राहिले.

पंडिता रमाबाई या वर्तुळातूनच १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटिजला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोऱ्ह्यांच्या लेखनाचा आपल्यावर परिणाम झाला हे रमाबाईंनी स्वतः सांगितले आहे. वाँटिजच्या मठात स्तोत्रगायन रोजचे होते, आणि पुढे तिथला छापखाना प्लेनसाँगच्या पुस्तकांसाठी इंग्लंडभर ओळखला गेला. पुराणे सांगत देशभर पायी हिंडलेल्या घरातली ही मुलगी ते गायन ऐकत होती. आयुष्याच्या अखेरीस केडगावला मुक्ती सदनात तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणले. ते १९२४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पूर्ण प्रसिद्ध झाले. दाविदाची स्तोत्रे मूळ हिब्रूवरून मराठीत आणणारी ती बाई होती, हे आपण पुरेसे आठवत नाही.

गोऱ्ह्यांच्या मुलीचीही गोष्ट इथलीच. एलन लक्ष्मी गोऱ्हे आईविना वाढली, आधी एका नीळ मळेवाल्या इंग्रज कुटुंबात. १८५७ च्या धामधुमीत त्या कुटुंबाची मालमत्ता गेली. मग एका मिशनरी कुटुंबाने तिला सांभाळले आणि १८६५ मध्ये इंग्लंडला नेले. १८८० मध्ये ती परतली, अमृतसरला आणि पुढे अलाहाबादच्या अनाथालयात काम करत राहिली आणि १९३७ मध्ये वारली. १८८३ मध्ये निघालेल्या तिच्या इंग्रजी कवितासंग्रहातले एक गीत एकतिसाव्या स्तोत्रातल्या प्रतिमेवर उभे आहे. माणसांच्या कटकारस्थानांपासून देव आपल्या माणसाला स्वतःजवळ दडवून ठेवतो, ही ती प्रतिमा. जॉर्ज स्टेबिन्स या अमेरिकन संगीतकाराने त्याला चाल दिली आणि ते जगभर गायले गेले. झाशीजवळ जन्मलेल्या मराठी शास्त्र्याच्या मुलीने दाविदाला इंग्रजीत गायले. घर, भाषा, आई सगळे तुटलेल्या त्या मुलीला लपण्याच्या जागेचीच प्रतिमा का भावली, हे तिचे आयुष्य वाचणाऱ्याला सहज कळते.

टिळकांनंतर त्यांचा धागा जॅक विन्स्लो यांनी पुढे नेला. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे हे अँग्लिकन मिशनरी. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त प्रेम सेवा संघ स्थापन केला. पुढे तो पुण्याला शिवाजीनगरात आश्रमरूपाने स्थिरावला, आणि तिथे जमिनीवर बसून, भारतीय वाद्यांवर, भजनांसह उपासना होऊ लागली. पंचहौदचा स्तोत्रक्रम आणि नगरचे भजन एकाच छपराखाली येण्याची ती सुरुवात होती.

मोठा बदल मात्र १९६० नंतरच्या दशकात दोन बाजूंनी आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला मुभा दिली, आणि दशक संपता संपता नव्या मिस्सेत पहिल्या वाचनानंतर स्तोत्र गाण्याची प्राचीन रीत पुन्हा रुजवली गेली. गायकाने वचने गावीत आणि सभेने दर वेळी एक छोटे ध्रुपद म्हणावे. फ्रान्समध्ये जोसेफ जेलिनो यांनी १९५० च्या दशकातच अशा रीतीने स्तोत्रे बांधून दाखवली होती. मराठी माणसाला यात शिकण्यासारखे काही नव्हते. भजनाची रीत हीच. वसईच्या चर्चमध्ये लॅटिन जाऊन मराठी आली तेव्हा स्तोत्र रविवारच्या उपासनेत आपोआप परतले. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे ‘सुबोध बायबल’ मराठीला दिले. झाशीलाही तेच. १९४० मध्ये तिथे कॅथलिक प्रांत वेगळा झाला, १९५४ मध्ये धर्मप्रांत बनला, आणि संत ज्यूडच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातल्या मिस्सेत आज हिंदीतून स्तोत्र गायले जाते आणि सभा ध्रुपद धरते.

दुसरी बाजू प्रॉटेस्टंटांची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या, शिवाय इतरही काही, एका संस्थेत आल्या. म्हणजे विल्सनचे स्कॉटिश वारस, हॉल आणि नॉट यांचे नगरी वारस आणि पंचहौदचे लोक आता एकाच चर्चचे झाले.

यातून हाती काय लागले? भजन मिळाले, आणि ते पक्के मिळाले. ते आता कुणाला परके वाटत नाही, त्यासाठी भांडावे लागत नाही. पण पंजाबी म्हातारीला जसे चाळीसावे किंवा बहात्तरावे जबूर चालीसकट पाठ असते, तसा दाविदाचा क्रम मराठी मंडळीच्या गळ्यात बसला नाही. स्तोत्र हे गीत राहण्याऐवजी वाचायचा उतारा झाले. जगातल्या बहुतेक गीतसंग्रहांतही हेच घडले आहे, की भरवशाची आणि स्तुतीची स्तोत्रे, तेविसावे, शंभरावे, दीडशेवे, चटकन चालीत बसली आणि विलापाची मागे राहिली. कॅथलिक चर्चने १९७१ च्या दैनंदिन प्रार्थनाक्रमातून सगळ्यात तीव्र शापांची तीन स्तोत्रे तर वगळलीच. शापांचे मी समजू शकतो. पण विलाप गेला तर दुष्काळात अनाथालयाच्या ओसरीवर बसलेल्या मुलाला गायला काय उरते? नगरच्या त्या पिढीला स्तुतीइतकीच तक्रारीचीही गाणी हवी होती, आणि दाविदाकडे ती भरपूर होती. आजही कर्जाने पिचलेल्या घरात, आजाऱ्याच्या उशाशी, गाव सोडून आलेल्या मजुराच्या वस्तीत ती लागतात.

साधने सगळी हाताशी आहेत. रमाबाईंचे मराठी आहे, ‘सुबोध बायबल’ आहे, पेटी-तबला प्रत्येक मंडळीत आहे, आणि टिळकांनी दाखवलेली अभंगाची बांधणी आहे. यात्रेची पंधरा स्तोत्रे पायी चालणाऱ्यांच्या ठेक्यात, दिंडीच्या पावलीत सहज बसतील. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, मधल्या दोन वचनांत विनवणी, शेवटच्या दोन वचनांत भरवसा. ‘कुठवर’चेच ध्रुपद करावे, जोगिया रागात सुरुवात करावी, विनवणीपर्यंत टाळ थांबवावा आणि पाचव्या वचनावर तो पुन्हा धरावा. नवे बसवू पाहणाऱ्या मंडळीने सुरुवात याच स्तोत्रापासून करावी असे मला वाटते.